पोसायडनच्या माहेरून

बोद्रुम बंदर, जहाजावरून

ति. आण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आण्णांनी विचारलं, "जहाजात बसून बघायचं काय असतंय? चोहीकडं पाणीच की." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर आईनं फोन ओढून घेतला आणि जेवलीस का, पोरं जेवली का, विहीणबाईंचं पोट बरं आहे का, हे विचारेस्तोवर रेंज गेली. म्हणून हे पत्र. यात मधे कुणाला बोलता येत नाही.

आधी एक खुलासा. मोहितेवहिनी टीव्हीवर बघतात तसलं हे जहाज नव्हे. त्यात पाच-पाच हजार माणसं असतात, घसरगुंड्या असतात, जुगार असतो. आमच्या जहाजात शंभराच्या आत प्रवासी, आणि त्यांतले बरेचसे निवृत्त प्राध्यापक. प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण, खिशात वही, डोक्याला इस्त्री केल्यासारखी टोपी. रोज संध्याकाळी व्याख्यान. लोक पहिल्या रांगेसाठी धावतात आणि वक्त्याला शंका विचारून घामाघूम करतात. आमची दोन पोरं आणि सासूबाई सोडल्या तर सगळं जहाज परीक्षेला बसल्यासारखं गंभीर आहे. हे जहाज निवडलं तुमच्या जावयांनी. छोटं जहाज छोट्या बंदरात शिरतं, जुने लोक ज्या बाजूनं यायचे त्या बाजूनं आपण जातो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय शेवटच्या आठवड्यात भाव उतरला होता, हे म्हणणं त्यांनी नंतर सांगितलं.

छोट्या जहाजाचा फायदा पहिल्यांदा कळला तो कोरिंथच्या कालव्यात. ग्रीसचा दक्षिण भाग एका चिंचोळ्या पट्टीनं वरच्या भागाला चिकटलाय. ती पट्टी आडवी चिरून हा कालवा काढलाय. लांबी सव्वासहा किलोमीटरच्या आसपास, पण रुंदी पाण्याजवळ जेमतेम पंचवीस मीटर आणि दोन्ही अंगांना सरळसोट कडे. मोठ्या बोटींचं इथं काम नाही. पुढं एक टगबोट आम्हाला दोरानं ओढत होती आणि आम्ही सगळे डेकवर पोट आत घेऊन उभे, जणू आमच्यामुळंच जहाज घासणार होतं. कालवा नव्हता तेव्हा काय करायचे, तर ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकापासून इथं फरसबंद रस्ता होता. गलबतं पाण्यातून काढून त्या रस्त्यावरून पलीकडच्या समुद्रात ओढून न्यायचे. मग इ.स. 67 मध्ये नीरो बादशहानं स्वतः कुदळ मारून कालव्याचा शुभारंभ केला. पुढच्या वर्षी नीरो गेला आणि काम थांबलं. कालवा खुला झाला 1893 साली. तेव्हा आण्णा, भूमिपूजन 67 ला आणि उद्घाटन 1893 ला. आपल्याकडच्या पुलांना उगीच नावं ठेवत जाऊ नका.

डेल्फी बघितली. चढ फार आहे, यापलीकडं सासूबाई काही बोलायला तयार नाहीत.

पण डेलोस! अपोलो आणि आर्टेमिस ही जुळी भावंडं इथं जन्मली म्हणून हे बेट पवित्र. बेट म्हणजे उघडाबोडका खडक, सावलीला झाड नाही, आणि ऑगस्टमधलं ते उत्तरेचं वारं, ज्याला इथं मेल्तेमी म्हणतात, ते टोपी, नकाशा आणि धाकट्याचं आइस्क्रीम असं सगळं घेऊन गेलं. मुक्कामाची परवानगी नाही, संध्याकाळी सगळ्यांनी बेट सोडायचं. वाटाड्या बाईंनी सांगितलं की ख्रिस्तपूर्व 426 च्या हिवाळ्यात अथेन्सवाल्यांनी बेटाचं शुद्धीकरण काढलं. होत्या त्या सगळ्या थडग्यांतली हाडं उकरून शेजारच्या रेनेआ बेटावर नेली आणि फर्मान काढलं की इथून पुढं डेलोसवर कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. पोटुशी बाई आणि शेवटच्या घटका मोजणारा म्हातारा, दोघांनाही होडीत घालून पलीकडं. हे मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सोयर नाही आणि सुतकही नाही. पुजाऱ्यांनी आपली सोय बघितली हो."

पुढं मात्र या सोवळ्या बेटाची पेठ झाली. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात रोमनांनी डेलोसला जकात माफ केली आणि सगळा व्यापार इकडं लोटला. त्या व्यापारातला सगळ्यात मोठा माल म्हणजे माणसं. गुलामांचा असा बाजार होता की दिवसाला दहा-दहा हजारांची आवक-जावक होऊ शकते असं स्ट्रेबो या जुन्या भूगोलकारानं लिहून ठेवलंय. कुणी मरायचं नाही असं ज्या बेटावर फर्मान, तिथंच हे. थोरलीनं विचारलं, त्यांच्यात मुलं पण असायची का? जावईबापूंच्या हातातल्या पुस्तकात सगळं असतं, पण त्यांनी ते पुस्तक बंद केलं आणि तिचा हात धरून पुढं निघाले.

तिथल्या श्रीमंतांच्या घरांत मधल्या चौकात फरशीवर रंगीत खड्यांची चित्रं आहेत. बिबट्यावर बसलेला मद्यदेव डायोनिसस तर बघत राहावा असा. सगळे फोटो त्याचेच काढतात. सासूबाई मात्र त्याच्याकडं पाठ करून हौदाच्या तोंडाशी वाकल्या होत्या. या घरांखाली पावसाचं पाणी साठवायचे हौद आहेत, कारण बेटावर गोड्या पाण्याची मारामार. हौदाचं तोंड संगमरवरी, आणि त्याच्या आतल्या काठाला दोरानं पडलेल्या चरा. आई, अगदी तुझ्या माहेरच्या विहिरीच्या काठासारख्या, बोट बसेल एवढ्या खोल. सासूबाईंनी त्यात बोट फिरवून बघितलं, आणि मग एका जर्मन प्रोफेसरांना खुणेनं पाणी शेंदून दाखवलं. प्रोफेसरांनी ते वहीत लिहून घेतलं.

जेवणाचं थोडक्यात. श्रावण चालू असल्यामुळं सोमवारी जहाजाचा आचारी हवालदिल होतो. ऑलिव्ह उपासाला चालतं का, यावर डेकवर परिसंवाद झाला. "झाडाला लागतं ना? मग फळ," असा निकाल सासूबाईंनी दिला आणि वाटीभर ऑलिव्ह संपवलं. बदल्यात त्यांनी आचाऱ्याला आईनं दिलेली लसणाची चटणी चाखायला दिली. तो आता आमच्या टेबलाजवळ जरा जास्तच घुटमळतो.

एफेसस. आता गंमत बघा. समुद्रामार्गे जुन्या बंदरात जायचं म्हणून आम्ही जहाजानं आलो, आणि कुशादासीला उतरून बसनं गेलो. कारण एफेससचा समुद्रच उठून गेलाय. नदीनं इतका गाळ आणला की आज किनारा पाच-सहा किलोमीटर लांब आहे. त्याचीही कथा आहे. गाळ साचतोय म्हणून पर्गमॉनच्या अ‍ॅटलस राजाच्या इंजिनिअरांनी बंदराचं तोंड बांध घालून अरुंद केलं. तोंड अरुंद झालं की पात्र खोल होईल असा हिशेब. झालं उलटंच, आधी लाटांबरोबर बाहेर जाणारा गाळही आतच अडकला. हे ऐकताना तुमचे जावई, जे स्वतः इंजिनिअर, एकदम दुसरीकडंच काहीतरी बघायला लागले. आज नाट्यगृहापासून जुन्या बंदराकडं जाणारा रुंद, संगमरवरी रस्ता आहे. एके काळी या रस्त्यावर रात्री दिवे लागायचे. तो ऐटीत निघतो आणि शेवटी लव्हाळ्यांच्या दलदलीत जाऊन संपतो.

पोरांना एफेससमधलं आवडलं ते सार्वजनिक शौचालय. लांबलचक संगमरवरी बाक, त्याला ओळीनं भोकं, खालून वाहतं पाणी, आणि मधे आडपडदा म्हणून काही नाही. माणसं शेजारी शेजारी बसून गप्पा मारायची म्हणे. धाकटा प्रत्येक भोकापाशी थांबून "हे कुणाचं?" विचारत होता. दोन हजार वर्षांपूर्वी दगडी बाकाखालून पाणी खेळवणारे लोक बघितले की खरंच टोपी काढावीशी वाटते. राजेरजवाड्यांपेक्षा ही गटारवाली माणसं मला जवळची वाटली, एवढं मात्र लिहून ठेवते.

आणि आण्णा, तुमच्यासाठी सेल्ससचं ग्रंथालय. सेल्सस हा रोमन सुभेदार. त्याच्या मुलानं बापाच्या स्मरणार्थ दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हे बांधायला घेतलं, आणि बापाला त्याच ग्रंथालयाखाली शवपेटीत ठेवलं. बारा हजारांच्या आसपास गुंडाळ्या, म्हणजे तेव्हाचे ग्रंथ, आणि खाली मालक. पुढं आगीत आतलं सगळं गेलं, भूकंपात दर्शनी भिंत कोसळली, ती 1970 ते 1978 या काळात ऑस्ट्रियाच्या लोकांनी तुकडा तुकडा जुळवून पुन्हा उभी केली. मी ती बघत होते आणि माळ्यावरचे तुमचे दिवाळी अंक डोळ्यांपुढं येत होते. आई, रद्दीवाल्याला बोलावण्याआधी जरा विचार कर. फक्त आण्णा, सेल्ससचा खालचा मजला आपल्याला नको.

इथलंच आर्टेमिसचं देऊळ जुन्या जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. आज तिथं तुकडे जोडून उभा केलेला एक खांब आहे आणि त्याच्या टोकावर करकोच्याचं घरटं. करकोचे बहुतेक आफ्रिकेला निघून गेले होते. सासूबाईंनी खांबाला नमस्कार केला.

आता बोद्रुम. याचंच जुनं नाव हॅलिकार्नासस, इतिहासकार हिरोडोटसचं गाव. इथं मावसोलस राजाची बायको आर्टेमिसिया हिनं नवऱ्याचं एवढं थोर थडगं बांधलं की तेही सात आश्चर्यांत गेलं. ती त्याची सख्खी बहीणही होती, हे वाटाड्या बाईंनी सांगितल्यावर सासूबाईंनी तो विषय तिथंच बंद केला. पुढं थडगं भूकंपात पडलं आणि ख्रिस्ती सरदारांनी त्याचे दगड काढून बंदरावर किल्ला बांधला. त्या किल्ल्यात आता समुद्रातून वर काढलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, आणि सबंध सफरीत मला सगळ्यात आवडलेली जागा तीच.

1982 साली एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यानं घरी येऊन सांगितलं की समुद्राच्या तळाशी कान असलेली धातूची बिस्किटं पडलीत. ती निघाली तांब्याची लगड. उलुबुरून नावाच्या भूशिराजवळ साडेतीन हजार वर्षांमागं, म्हणजे थोडंफार कमी, एक व्यापारी गलबत बुडालं होतं. माल काय, तर दहा टन तांबं आणि एक टन कथील. दहाला एक, म्हणजे नेमकं कांसं ओतायचं प्रमाण. शिवाय निळ्या काचेच्या वड्या, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, आफ्रिकेतलं काळं लाकूड, घडीची लाकडी पाटी, आणि इजिप्तच्या नेफरतिती राणीचं नाव कोरलेली, भुंग्याच्या आकाराची सोन्याची इवलीशी मुद्रा. दहा वर्षांहून जास्त काळ पाणबुडे उतरत होते. आणि याच मालात सापडला एका उंदराचा जबडा. फुकट्या प्रवासी. पोरांनी हे ऐकल्यावर नेफरतितीला कोण विचारतंय! सासूबाईंचंही मत असं, की वाहन बरोबर होतं, पण वरचा स्वार नव्हता म्हणून गलबत बुडालं.

काल रात्री मात्र कहर झाला. व्याख्यान होतं रोमन जहाजं मोसमी वारा पकडून हिंदुस्थानात कशी जायची यावर. वक्ते म्हातारे, भले गृहस्थ. मिरी, रोमन नाणी, कार्ल्याच्या लेण्यांत दान देणारे यवन, असं सगळं सांगत आले आणि पडद्यावर एक चित्र लावलं. हातात मावेल एवढा कांस्याचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. म्हणाले, हा समुद्रापासून दूर, पश्चिम भारतातल्या एका गावात सापडला. मी उभीच राहिले. म्हटलं, गाव कसलं, ते आमचं कोल्हापूर! पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी, 1944-45 च्या सुमाराचं उत्खनन, आणि देव आता टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये. सगळी टोप्यांची रांग वळून माझ्याकडं बघायला लागली. वक्त्यांनी विचारलं, तुम्ही प्रत्यक्ष बघितलाय? बघितलाय की, चौथीच्या सहलीत. मग त्यांनी मला पुढं बोलावून बसवलं. सासूबाई वाईच्या असूनही त्यांनी सगळ्यांचे नमस्कार घेतले. आज सकाळपासून एक निवृत्त न्यायाधीश कोल्हापूरला जायला कुठली ट्रेन धरावी ते विचारतायत.

तर आण्णा, काम आहे. टाऊन हॉलवर जाऊन पोसायडनचा एक नीट फोटो काढून पाठवा, त्या म्हाताऱ्यांना हवाय. आधी साहेबांची परवानगी घ्या. तुमचं बोट मधे येऊ देऊ नका. आई, तू बरोबर जाणार असशील तर त्याच्यापुढं नाणी ठेवू नकोस.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची,
ताई

ता. क. : सप्टेंबरात इकडं कुणी येणारं असेल तर कांदा-लसूण चटणी दोन डबे पाठव. एक आपला, एक आचाऱ्याचा. सासूबाईंनी शब्द दिलाय.