फुंकतो कोण?

लोंढा जंक्शन सोडून गोव्याकडे निघालेली गाडी तिनईघाट, कॅसलरॉक करत घाटाला लागते. कॅसलरॉक ते कुळे उतार 37 फुटांना एक फूट. त्यात बोगद्यामागून बोगदा, आणि पावसाळ्यात दाट धुकं. अशा उतारावर ज्याचा हात ब्रेकवर आहे तो शुद्धीत हवा. प्रवाशाचा तो हक्कच आहे.

रेल्वेला हे मान्य आहे. ड्युटीवर चढताना ड्रायव्हर, असिस्टंट आणि गार्ड (त्याला 2022पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात) हजेरीच्या लॉबीतल्या, दारू तपासणाऱ्या यंत्रात फुंकतात. पण तपासणी आली की पळवाटही येते. सगळ्यात सोपी पळवाट म्हणजे मित्राने फुंकायचं आणि इंजिनावर आपण चढायचं. दुसरी, वहीतला आकडा बदलायचा. म्हणून यंत्र अंगठ्याच्या ठशाला आणि संगणकाला जोडलं गेलं. ठसा ज्याचा, फुंकर त्याची, आणि आकडा वेळेसकट थेट नोंदीत. मला या व्यवस्थेतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. चुकाराला ती अडवते आणि न पिता आलेल्याच्या बाजूने साक्षही देते.

मात्र यंत्रही चुकतं. केरळात पंदळमच्या एसटी डेपोत 2025मध्ये दारूला न शिवलेले ड्रायव्हर तपासणीत अडकले. कारण निघालं पिकलेला फणस! आंबायला लागलेल्या गऱ्यांत थोडा अल्कोहोल तयार होतो आणि तो तोंडात रेंगाळतो. आपल्या खानापूर तालुक्यात मे महिन्यात फणस खाल्ला नाही असं घर सापडणार नाही, तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. त्याच वर्षी रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने ड्युटीआधी काही फळं, शीतपेयं, खोकल्याचं औषध घेऊ नका असा फतवा काढला, आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. माणसाच्या खाण्यावर बंदी कशाला? तोंड धुवायला लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा फुंकायला सांगा. तोंडातला अल्कोहोल तेवढ्यात उडतो, रक्तातला राहतो. तरी शंका उरली तर रक्त तपासा. पहिल्याच आकड्यावर कुणाची नोकरी टांगू नका.

गांजा मात्र या यंत्राला दिसत नाही. अमेरिकेत 4 जानेवारी 1987ला मेरीलँडमधल्या चेसजवळ गांजा ओढलेल्या चालकाने सिग्नल ओलांडला आणि 16 माणसं गेली. तिथे पुढे कायद्याने लघवीची तपासणी आली. तिच्यातही फसवणूक आली, लोक दुसऱ्याची बाटली खिशात घालून आणू लागले. म्हणून नमुना हातात येताच चार मिनिटांत त्याचं तापमान पाहतात. अंगातून नुकताच आलेला नमुना कोमट असतो. मग देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन भाग करून सील करतात. दुसरी बाटली त्याला दाद मागता यावी म्हणून असते. आपल्याकडे 2022पासून वैमानिकांची आणि हवाई नियंत्रकांची अशी अचानक तपासणी होते. घाटात गाडी उतरवणाऱ्यांनाही ती लागू करा, पण दुसऱ्या बाटलीसकट.

आणि रस्त्याचं काय? रामनगरवरून अनमोड घाटाने गोव्याला रात्रभर ट्रॅव्हल्स आणि ट्रक जातात. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, पण ती मोजली जाते पोलिसांनी गाडी अडवली तर. निघण्याआधी मोजणं मालकाच्या हातात आहे, आणि मालकाला ते भाग पाडणं गिऱ्हाइकाच्या. लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाडी ठरवाल तेव्हा भाड्याच्या बोलणीतच विचारा: ड्रायव्हर निघण्याआधी फुंकतो का, आणि फुंकताना समोर कोण उभं असतं?