जळणाच्या खोलीतला जॅझ

जून ते सप्टेंबर आमच्या गावाचं नाव रोज पेपरात येतं. बातमी एकच: जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस गगनबावड्यात. उरलेले आठ महिने आमची कुणाला आठवण होत नाही. कोल्हापूरपासून ५५ किलोमीटर, डोक्यावर गगनगड, एका अंगाला करूळचा घाट, दुसऱ्या अंगाला भुईबावड्याचा, आणि मधे ढगात बसलेली आमची वस्ती. माझी इथे बदली झाली तेव्हा जुन्या कचेरीतल्या मंडळींनी निरोपसमारंभात मला दोन छत्र्या दिल्या. पहिली उडून जाईल म्हणून दुसरी.

अशा गावात मी रोज पहाटे पाच वाजता जॅझ गिटारचा रियाज करतो. हे वाक्य आजवर मी चारचौघांत नुसतं बोलत होतो. कागदावर ते आणखी वाईट दिसतं.

जॅझ म्हटलं की लोकांना वाटतं, याच्या डोक्यात पाणी गेलं. गगनबावड्यात ते कुणाच्याही जाऊ शकतं, हे मान्य. पण जॅझ काही परवा विमानातून उतरलेला नाही. आपल्या पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'मध्ये चिक चॉकलेट नावाच्या माणसाला त्याच्या बँडसकट पडद्यावर आणलं होतं. हा चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियु झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट गाजवणारा. तेव्हा ज्यांच्या आजोबांनी 'अलबेला' तीनदा पाहिला, त्यांच्या घरात जॅझ शिरून गेलेला आहे. त्यांना कुणी सांगितलं नाही इतकंच. आणि अवघड गाणं म्हणाल, तर ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब अनवट राग गात होते, त्या जिल्ह्याने माझ्या दोन-चार वाकड्या कॉर्ड्सना घाबरण्याचं कारण नाही.

तरी घाबरतात. म्हणून तर मी जळणाच्या खोलीत बसतो.

अमेरिकेतले जॅझवाले एकट्याने दार लावून करायच्या रियाजाला 'वुडशेडिंग' म्हणतात. वुडशेड म्हणजे परसातली जळण रचून ठेवायची खोली. हे मी वाचलं तेव्हा मला भरून आलं, कारण बायकोने मला नेमकी तीच खोली दिली होती, आणि तिने तर जॅझचा इतिहास वाचलेला नव्हता. आमच्याकडे मे महिन्यातच चार महिन्यांचं जळण भरून ठेवावं लागतं. एका भिंतीला लाकडं, दुसरीला आढ्यापर्यंत शेणी, मधे एक स्टूल, स्टुलावर मी. शेणी आवाज फार छान शोषून घेतात. मुंबईच्या स्टुडिओत भिंतींना जे काळं-करडं चिकटवतात, ते दिसायलाही साधारण असंच असतं. वास तेवढा कमी. श्रावण लागला की जळण उतरत जातं आणि माझी गिटार घुमायला लागते. बायकोला स्वयंपाकघरात बसून कळतं, की आता नवं जळण सांगायला हवं.

आता दिनक्रम. पाचला उठायचं. आधी स्टुलाखाली विंचू नाही ना ते बघायचं. मग फडक्याने तारा पुसायच्या, कारण रात्रीत त्यांना गंज धरतो. मग सूर लावायचा. रात्री लावून ठेवलेली गिटार सकाळी वेगळीच बाई होऊन बसलेली असते. लाकूड ओल पितं, फुगतं, तारा वर उचलल्या जातात आणि सूर चढतो. तो उतरवून घ्यावा, तर दुपारी चुलीच्या धगीने लाकूड आकसतं आणि सूर पार खाली जातो. शेजारच्या आक्कांनी सुचवलं होतं, की चुलीवरच्या वाशाला टांगा, आमचं मक्याचं बियाणं तिथं चांगलं राहतं. मी आठ दिवस टांगली. गिटार वाळली, पण अजून हातात घेतली की भाकरीचा वास येतो आणि भूक लागते.

मग मोबाइलवर मेट्रोनोम, साठच्या गतीला. इथे एक भानगड आहे. जॅझवाले ती टिकटिक पहिल्या मात्रेवर धरत नाहीत, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरतात. पहिली आणि तिसरी आपण मनात मोजायची. म्हणजे जिथे सम आहे तिथे शुकशुकाट, आणि जिथे काही नाही तिथे टिक्. लहानपणापासून समेला मान टाकायची सवय असलेल्या माणसाला हे शिकणं म्हणजे डाव्या हाताने जेवायला शिकणं. मला आठ महिने लागले. त्या काळात कचेरीत शिक्के मारतानाही मी एक कागद सोडून दुसऱ्यावर मारत असे.

त्यानंतर बोटांची कवायत: एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, सहाही तारांवर, वरून खाली, खालून वर. अर्धा तास फक्त हेच. मग सप्तक, बाराही पट्ट्यांतून. मग जॅझचा श्रीगणेशा, ज्याला 'दोन-पाच-एक' म्हणतात. दुसऱ्या सुरावरची कॉर्ड, मग पाचव्यावरची, मग घरी, 'सा'वर. सी पट्टीत धरलं तर डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. निघाला, अडला, पोचला. निम्मा जॅझ या तीन कॉर्ड्सवर चालतो आणि उरलेला निम्मा त्या टाळण्यावर. तेही बाराही पट्ट्यांत. एफ शार्पमध्ये मी 'निघाला' आणि 'अडला' एवढंच बरेच दिवस करत होतो.

हे सगळं आक्का भिंतीपलीकडून तीन वर्षं ऐकतायत. एकदा दूध घेऊन आल्या, दारात घुटमळल्या.

"साहेब, एक इचारू? रोज पहाटं लावतायसा, अजून लागंना व्हय?"

"लागलीय आक्का. हे गाणंच असं आहे."

आक्कांनी क्षणभर विचार केला. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या.

घरातही फार वेगळं नाही. वेस मॉन्टगोमेरी नावाचा अमेरिकन गिटारवाला दिवसा कारखान्यात राबायचा आणि रात्री रियाजाला बसायचा. शेजारीपाजारी तक्रार करतात म्हणून त्याने तार छेडायची पिक टाकून दिली आणि नुसत्या अंगठ्याने वाजवायला लागला. त्या अंगठ्यातून असा मऊ, गोल आवाज निघाला की तीच त्याची ओळख झाली. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "अहो, मग तुम्ही अंगठासुद्धा न लावता बघा की. आणखी नाव होईल."

शेजाऱ्यांना कंटाळलेल्या, म्हणजे शेजारी ज्यांना कंटाळले आहेत अशा, वादकांचा खरा आधार सॉनी रॉलिन्स. हा सॅक्सोफोनवाला १९५९ ते १९६१ अशी दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर उभा राहून तासन्‌तास रियाज करायचा, लोकांना घरात त्रास नको म्हणून. मी म्हटलं, आपल्याकडे पूल नाही, पण घाट दोन आहेत. एका ऑक्टोबरातल्या रविवारी गिटार घेऊन करूळ घाटाच्या एका वळणावर कठड्यावर जाऊन बसलो. खाली कोकण पसरलेलं, वर निळं आकाश, आणि समोर सतरा माकडं. रॉलिन्सच्या चरित्रात माकडं नाहीत. त्यातल्या एकाने माझी पिक उचलली, चावून पाहिली, थुंकली आणि पाठ करून बसला. परीक्षण म्हणून ते आक्कांपेक्षा सौम्य होतं. एसटीच्या ड्रायव्हरने गाडी हळू करून विचारलं, "पंक्चर काय?" पुण्याकडच्या एका कुटुंबाने गाडी थांबवली, फोटो काढला आणि निघताना गिटारच्या उघड्या पेटीत दहाची नोट टाकली. जॅझमधली माझी आजवरची कमाई ती एवढीच. रॉलिन्स पुलावरून परतला तो जिम हॉलसारख्या गिटारवाल्याला सोबत घेऊन, आणि १९६२ साली त्याची 'द ब्रिज' ही रेकॉर्ड निघाली. मी घाटातून परतलो तो खोकला घेऊन.

त्याच वर्षी थंडीत गिटारची मान वाकली म्हणून ती मिरजेला नेली. गिटारवाल्यांकडे नाही, सतारमेकर गल्लीत. म्हटलं, जी माणसं भोपळ्यातून तंबोरा काढतात त्यांना वाकलेली मान काय अवघड. कारागिराने तार छेडली, कान लावला आणि मला हळूच विचारलं, "जवारी कुणी काढून टाकली?"

असो. तीन वर्षं असा एकट्याने रियाज केल्यावर माझ्या मनाने घेतलं, की आपल्याला येतं. एकट्याने वाजवण्यात हा मोठा फायदा आहे. मेट्रोनोम कधी तोंड वाकडं करत नाही.

आमच्या गल्लीतल्या देवळात दर एकादशीला भजन असतं. पखवाजाला आबा. वय सत्तरीपुढचं, हात पंचविशीतला. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "सायेब, एकल्यानं किती दिस वाजिवणार? या की एकादशीला." मी नवा सदरा घालून गेलो. बुवांनी पेटीवाल्याला खूण केली, "काळी पाच." मला आनंदाचं भरतं आलं. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. जॅझमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांची ही लाडकी पट्टी. म्हणजे आमचे बुवा आणि चिक चॉकलेट एकाच घरचे. अभंग सुरू झाला आणि मी तीन वर्षांची शिदोरी सोडली. साध्या सुरावटीखाली नाइन्थ घातल्या, थर्टीन्थ घातल्या, मधेच एक डिमिनिश्ड सारली, आणि हे सगळं पाठ केल्याप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्या कडव्यात पेटीवाल्याने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या कडव्यात बुवांचा 'सा' डळमळला. तीस वर्षं ज्या सुरावर ते डोळे मिटून बसत होते, त्याखालची चटई मी ओढत होतो. तिसऱ्या कडव्यात थोरल्या टाळकऱ्याने टाळ खाली ठेवले आणि खिशातून चंची काढून तंबाखू मळायला घेतली.

१९३६ साली कॅन्सस सिटीत पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा थोरामोठ्यांच्या मैफलीत वाजवायला उभा राहिला आणि भरकटला. तेव्हा जो जोन्स या ड्रमवाल्याने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. पोराचं नाव चार्ली पार्कर. आमची माणसं वारकरी, झांज फेकणार नाहीत. पण त्या तंबाखू मळण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

भजन उरकल्यावर आबा जवळ बसले. "वाजिवता झ्याक. खोटं न्हाई. पर आमच्यासंगं न्हाई वाजवत, आमच्या अंगावर वाजवतायसा."

पार्कर पुढच्या वर्षीचा उन्हाळा ओझार्कच्या डोंगरात एका बँडबरोबर घालवून, रेकॉर्डी ऐकून ऐकून, तयार होऊन परतला. मी शेणींकडे परतलो. आता भिंतीवर फ्रेडी ग्रीनचा फोटो लावला. हा माणूस १९३७ ला काउंट बेसीच्या बँडमध्ये शिरला आणि १९८७ ला मरेपर्यंत तिथेच राहिला. सोलो जवळजवळ नाहीच. स्पीकरला न जोडलेली साधी गिटार, प्रत्येक मात्रेला एक ठोका, आणि कॉर्डचे सूर धरायचे तेही एक-दोन. पन्नास वर्षं. म्हणजे आमच्या थोरल्या टाळकऱ्यांचा अमेरिकन भाऊच. मी पहाटेच्या रियाजात एक नवा तास घातला, न वाजवण्याचा. मोबाइलवर भजन लावायचं, गिटार मांडीवर घ्यायची आणि हात आवरायचा. बायकोच्या मते माझ्या रियाजातला हा सर्वोत्तम भाग.

पुढच्या एकादशीला बुवांचा आवाज बसला होता. "आज काळी तीन घ्या," म्हणाले. काळी तीन म्हणजे एफ शार्प, जिथे मी वर्षभर अडून बसलो होतो. पण बारा पट्ट्यांची कवायत कुठेतरी बोटांत मुरलेली होती. मी दोनच तारा धरल्या, पेटीच्या मधल्या जागेत हलकेच ठोके टाकत राहिलो, समेवर आबांच्या हाताकडे बघून. टाळ कुणी खाली ठेवले नाहीत. कोपऱ्यातली चंची खिशातच राहिली.

शेवटच्या गजराला आबांनी पखवाजावर आठ मात्रांचा तुकडा टाकला आणि हनुवटीने मला खुणावलं: घ्या. जॅझमध्येही हे असंच असतं. ड्रमवाला चार बार घेतो, चार तुम्ही घ्यायचे. त्याच्या तयारीसाठी तर मी तीन वर्षं घासली होती. आयत्या वेळी डोक्यात काही म्हणजे काही उरलं नाही. बोटांनी आपापलं काम सुरू केलं, आणि बाहेर आलं ते पहाटेचं एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. आबांनी ते उचललं, पखवाजावर वळवून परत दिलं. मी पुन्हा दिलं. चारदा झालं. बायकांच्या बाजूने आक्कांचा आवाज आला, "अगंबाई, ह्ये वळखीचं हाय!"

प्रसाद घेताना आबांनी विचारलं, "आज गिटार आणली न्हवती काय मधल्या अभंगांना?"

"होती की, आबा."

"मग झ्याक."

येत्या एकादशीला भजन रात्री आठला आहे. कोल्हापूरकडून येणार असाल तर अंधाराच्या आत पोचा, धुकं उतरलं की रस्ता दिसत नाही. छत्र्या दोन आणा. आणि घरात वापरात नसलेले टाळ असतील तर तेही घेऊन या; आमच्याकडे दोन जोड कमी आहेत.