मालवणात मॅक्रो शिरलो

काय सांगू बाय! धक्क्यावर सुरमईचा भाव विचारायचा सोडून आमच्या आळीत हल्ली एकच प्रश्न: 'तुझो मॅक्रो चलता काय रे?' घरबसल्या सातबारे नि खरेदीखतं इंग्रजीत करून देणारी माणसं ती चार, पण ऐट पाहून तारकर्लीच्या होडीवाल्यांनी तोंडात बोट घालावं.

नाद लागला तो आकड्यांपायी. मराठी ० ते ९ इंग्रजी करायचे तर वर्डमध्ये कंट्रोल-एचची खिडकी, दहा वेळा तेच. एकाने 'रेकॉर्ड मॅक्रो' दाबलं, माउसच्या बाणाला इवलीशी कॅसेट लटकली, दहाही बदल टेप झाले. आता एक कळ, की काम फत्ते. इथवर कौतुकच हो, खोटं कशाला बोलू?

मग हात शब्दांवर पडला. सातबारावरच्या 'आर'चं, म्हणजे शंभर चौरस मीटरचं, इंग्रजी अक्षर करायला गेले. तर वेतोबाच्या आरवलीचं डोकंच इंग्रजी, मागे नुसतं 'वली' लोंबतंय! देवाच्या गावाशी असली मस्करी?

त्याहून धीट तो मालवणी संवाद प्रमाण मराठीत आणणारा. 'तुका'चं 'तुला' केलं, तुकाराम झाला तुलाराम. 'झील'चा 'मुलगा' केला, फुटबॉलच्या उताऱ्यात ब्राझीलचा ब्रामुलगा! म्हटलं, पूर्ण शब्दच शोध ना मेल्या. तर म्हणे, मग 'झीलच', 'तुकाच' निसटतात. आपले प्रत्यय म्हणजे खडकाला चिकटलेली कालवं. सुरीने एकेक सोडवावी लागतात, जाळ्यात यायची नाहीत. असल्या हाती गवाणकरांचं मालवणी नाटक 'वस्त्रहरण' पडलं तर? शिव शिव!

बरं, धोक्याचं तरी भान? १९९९ साली मेलिसा नावाची मेली व्हायरसबाई वर्डच्या मॅक्रोतूनच आली नि दिसेल त्याच्या पत्त्यांतल्या पन्नास जणांना स्वतःला पाठवत सुटली. मायक्रोसॉफ्टनेही २०२२मध्ये नेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो आपणहून अडवायला घेतले. आमचे वीर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर टिचकी मारतात, वर शेजाऱ्याला शिकवतात.

काल तर कहर. चाळीस पानी दस्त उघडलेला, बोट कळीवर, आणि गडी गाऱ्हाणं घालतोय: 'बा देवा म्हाराजा, आकडे फिरव, पण आरवलीक हात लागाक देऊ नको!'

मागे उभे तिघे एका सुरात: 'व्हय म्हाराजा!'