पेटीवरच्या स्पिटफायरला खुले पत्र

प्रति,
विमान-किटच्या पेटीवरील चित्र (ढगांतून झेपावणारे स्पिटफायर) यांस,


विषय : मुलांसोबत बांधायच्या रेडिओ-नियंत्रित विमानाच्या निवडीत सदर चित्राने बजावलेली कामगिरी.

रेडिओ-नियंत्रित विमानाचे किट बहुतेक घरांत चित्र पाहून निवडले जाते. ही जबाबदारी सदर चित्र वर्षानुवर्षे एकहाती पार पाडत आले आहे, याची आधी नोंद घेणे उचित ठरेल. दुकानात मूल चित्रावर भाळते असा समज आहे. प्रत्यक्षात वडील भाळतात, आणि मुलाला ते फारच आवडल्याचे जाहीर करतात.

मूळ विमान थोर होते, यात वाद नाही. आर. जे. मिचेल यांच्या आराखड्यावरचे स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान 5 मार्च 1936 रोजी पहिल्यांदा उडाले आणि पुढे वीस हजारांहून अधिक बनली. पण ब्रिटिश हवाईदल नवशिक्याला थेट त्यात बसवत नसे. आधी टायगर मॉथसारख्या संथ, दुपंखी विमानावर हात बसवून घेतला जाई. भारतातही हीच रीत होती. कोल्हापूरकडच्या डॉ. वि. मा. घाटगे यांनी बंगळुरूत घडवलेले आणि 1951 मध्ये प्रथम उडालेले एचटी-2 हे विमान मुळात शिकाऊ वैमानिकांसाठीच होते. दहा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या चाळिशीतल्या वडिलांना या क्रमातून सूट का मिळावी, याचा खुलासा पेटीवर छापलेला नाही.

शिकाऊ विमान, म्हणजे ट्रेनर, दिसायला सामान्यच असते. पंख धडाच्या वर, तळाला जवळपास सपाट आणि दोन्ही टोकांकडे किंचित उचललेला. या उचलीला डायहेड्रल म्हणतात. विमान कलले की ते त्या बाजूला घसरू लागते. घसरताना खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून भेटते, तो पंख वर उचलला जातो आणि विमान पुष्कळदा स्वतःच सरळ होते. उडवणाऱ्याने गोंधळून रिमोटच्या काड्या सोडून दिल्या तरी चालते, किंबहुना बऱ्याचदा तेच बरे. अशा पंखाला एलेरॉनची, म्हणजे विमान कलवणाऱ्या हलत्या झडपांचीही, गरज नसते. मोटर, शेपटीवरचे वर-खाली नेणारे एलिव्हेटर आणि डावे-उजवे वळवणारे रडर हे तीन चॅनेल पुरतात. सदर चित्रातल्या विमानाचा पंख खाली बसवलेला आणि टोकाला निमुळता. छोट्या प्रतिकृतीत वेग कमी पडला की असे टोक आधी दगा देते, आणि विमान एका कुशीवर वळून जमिनीकडे निघते. चित्रातही ते जमिनीकडेच झेपावलेले आहे, ही प्रामाणिकपणाची बाब मान्य करावी लागेल.

पेटीवरचा खरा वाचण्याजोगा मजकूर बाजूला, बारीक अक्षरांत असतो: उडते वजन आणि पंखाचे क्षेत्रफळ. एकाला दुसऱ्याने भागले की पंखावरचा भार कळतो. एक किलोचे विमान आणि तीस चौरस डेसिमीटर पंख असेल, तर दर चौरस डेसिमीटरला साधारण 33 ग्रॅम भार येतो आणि विमान ताशी 25 किलोमीटरच्या आसपासही हवेत तग धरते. त्याच पंखावर वजन दुप्पट केले की ही किमान गती पस्तिशीत जाते. दहा किलोमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. मैदानात मात्र विमान समोरून आपल्याकडे येत असते, तेव्हा त्याचे डावे आपले उजवे होते, आणि वेग जितका जास्त तितका विचार करायला वेळ कमी मिळतो. म्हणून पहिल्या विमानासाठी सव्वा ते दीड मीटर पंखविस्तार आणि शक्य तितका हलका देह पाहावा. लहान विमान सोपे, हा गैरसमज आहे; चिमुकले विमान वाऱ्यात भेलकांडते आणि लांबून दिसतही नाही.

साहित्याबाबत चित्र मौन पाळते. किट फोमचे असेल तर बांधणी दोन-तीन सुट्यांत उरकते आणि पडझडीनंतर दुरुस्तीही सोपी. फक्त साध्या थर्मोकोलवर फेव्हिक्विक टाकू नये; जिथे थेंब पडतो तिथे फोम विरघळून खळगा पडतो आणि चिकटत काहीच नाही. त्यासाठी एपॉक्सी किंवा फोमला चालणारा गोंद हवा. बाल्सा या हलक्या लाकडाचे किट वेळखाऊ, पण शिकवणूक त्यातच जास्त. नकाशा सपाट फळीवर पसरायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, मग खालचा स्पार (पंखाचा कणा) टाचण्यांनी पक्का करून एकेक रिब (पंखाची फासळी) काटकोनात उभी करायची. गोंद वाळेपर्यंत पंखाला हात लावायचा नाही, हा नियम मुले पाळतात. वडिलांना आठवण करून द्यावी लागते. वाळण्याआधी उचललेला पंख पिळवटतो आणि तो पीळ पुढे आकाशात दिसतो. किट घेताना तुकडे लेझरने कापलेले आहेत ना, हे पाहावे. ठशाने दाबून कापलेल्या जुन्या पद्धतीच्या किटमध्ये लाकडाच्या कडा चुरगळलेल्या निघतात. पूर्ण आकाराचा नकाशा नसलेले बाल्सा-किट तर सरळ परत ठेवावे.

आता मुलाच्या वाट्याचे काम. ‘जवळजवळ तयार’ असे लिहिलेल्या पेटीत त्याच्या वाट्याला स्टिकर चिकटवणे येते. याउलट, राइट बंधूंना 1878 मध्ये वडिलांनी आणून दिलेले खेळणे पेनो या फ्रेंच संशोधकाच्या रचनेवरचे, रबराच्या पिळावर उडणारे होते. ऑर्व्हिल तेव्हा सात वर्षांचा होता. खेळणे मोडले, तेव्हा भावांनी स्वतः तसेच दुसरे बनवले. किट निवडताना हाच प्रश्न विचारावा: मोडले तर घरी पुन्हा बनेल का? आठ-नऊ वर्षांपर्यंत फोमशीटचे विमान, बाराच्या पुढे बाल्सा, असा अंदाज ठीक बसतो. पॉलिशपेपर मारणे, बिजागऱ्या बसवणे, सर्वो (झडपा हलवणारी छोटी मोटर) कुठल्या दिशेला हलतो ते तपासणे ही कामे मुलाची. ब्लेड आणि बॅटरीचे चार्जिंग मोठ्यांचे. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा सेल 4.2 व्होल्टच्या वर नेऊ नये, 3 च्या खाली उतरू देऊ नये, आणि चार्जिंगला लावून झोपायला तर मुळीच जाऊ नये.

चित्रात दिसणाऱ्या बऱ्याच वस्तू पेटीत नसतात. ट्रान्समीटर, रिसीव्हर, सर्वो, मोटर, तिचा वेगनियंत्रक, बॅटरी, चार्जर, सगळे पुष्कळदा वेगळे घ्यावे लागते, आणि त्यांची बेरीज किटच्या किमतीला सहज मागे टाकते. दिलासा इतकाच की ट्रान्समीटर पुढच्या विमानांनाही चालतो. तो दुसऱ्या ट्रान्समीटरला जोडता येणारा असावा, म्हणजे मुलाचा हात चुकला की मोठ्याला ताबा घेता येतो. मोठ्यालाही येत नसेल, तर आधी दोघांनी संगणकावरच्या सिम्युलेटरवर विमाने पाडून घ्यावीत.

जागेचा प्रश्न शेवटी आठवतो, तो आधी आठवायला हवा. 2021 च्या ड्रोन नियमांत अशी विमाने येतात, म्हणून परिसराचा नकाशा सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. मुंबईत तर पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात आणि त्यांत रिमोटवरच्या विमानांचा उल्लेख असतो. सोसायटीची गच्ची हे उड्डाणाचे ठिकाण नव्हे. गावाबाहेरचा गवताळ माळ, वारा पडलेली सकाळ आणि तारांपासून दूर, एवढे हवे. निघण्यापूर्वी बॅटरी आत ठेवून, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्शावर दोन बोटांनी विमान तोलून पाहावे. शेपूट खाली झुकत असेल तर उडवू नये.

सदर चित्राने नाउमेद होऊ नये. ट्रेनरवर उतरणे जमल्यावर एलेरॉन असलेले चार चॅनेलचे विमान येईल आणि त्यानंतर स्पिटफायरचा अर्ज विचारात घेतला जाईल. तोवर पेटी आडवी आणि कोरड्या जागी ठेवावी. कोकणातल्या पावसाळ्यात बाल्साच्या फळ्या वाकतात.

कळावे.

प्रत माहितीस्तव : वडील (पैसे देण्यापूर्वी वाचण्यासाठी).