कानातली बाई

चंडीगडच्या माणसाला अंतर मोजायला यंत्र कशाला हवं, ते मला कळत नाही. ल कार्बुझिएनं आखलेला नेहमीचा सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. म्हणजे सेक्टर ३४ ला बाहेरून एक प्रदक्षिणा घातली की चार किलोमीटर झाले; कमीजास्त होईल ते चौकातल्या गोल वळणांपुरतं. पुण्यात हा हिशेब जमणार नाही. तिथं ‘हे काय, पुढच्या चौकात’ यात दोनशे मीटरही बसतात आणि दोन किलोमीटरही.

मी एक्झिबिशन ग्राउंडच्या बाजूनं सुरुवात करतो. कोचिंग क्लासची मुलं पाठीवर दप्तरं घेऊन त्याच वेळी निघालेली असतात. ती चालतात, मी धावतो, आणि पुष्कळदा तीच पुढे जातात.

हे पाहूनच की काय, भाच्यानं मला गाणी वाजवणारं आणि पावलं मोजणारं घड्याळ दिलं, सोबत कानात घालायची दोन बोंडं. “मामा, आता सगळं एकातच,” म्हणाला. पण गाणं आणि हिशेब यांचं मुळात पटत नाही. गाणं लावायचं ते किती उरलंय हे विसरण्यासाठी. घड्याळ बांधायचं ते तेच आठवण्यासाठी. अंतरा चढू लागतो न लागतो तोच एक बाई मधे बोलते: अंतर एक किलोमीटर, सरासरी वेग अमुक. मग गाणं पुन्हा सुरू होतं, पण समेवर यायला मी तिथं नसतो. ही बाई जुनी आहे. २००६ साली नाइकी आणि अ‍ॅपलनं बुटात चकती आणि सोबत आयपॉड अशी जोडी काढली, तेव्हाही ती गाण्यावर बोलायचीच. दहा वर्षांनी सॅमसंगनं गाणी, पावलं आणि नाडीचे ठोके, सगळं बोंडांतच कोंबलं.

गाण्यानं धावणं सुधारतं, हे मात्र मान्य. १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला हेले गेब्रसेलासीनं बंदिस्त मैदानावरचा २००० मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या आवडीचं ‘स्कॅटमॅन’ मैदानात वाजत होतं. त्याला ठेका जुळला. आमची अडचण अशी की आवडतो विलंबित एकताल. त्याच्या मात्रेवर पाऊल टाकायचं म्हटलं, तर दुसरं पाऊल टाकेपर्यंत दूधवाला येऊन जाईल.

खरं तर हे जोडयंत्र आपल्याकडे फार पूर्वीपासून होतं. डाकेचा हरकारा भाल्याला घुंगरं बांधून पळायचा. टप्पा ठरलेला, म्हणजे मोजणी आपोआप. घुंगरांनी जंगलातली जनावरं दूर राहायची आणि पुढच्या चौकीला डाक येत असल्याची वर्दी मिळायची. त्याचं संगीत बाहेरच्यांसाठी होतं, त्याचे स्वतःचे कान मोकळे. इथल्या चौकात मोटारी ज्या वेगानं वळतात, ते पाहता कान मोकळे ठेवण्यात मला अजूनही शहाणपण दिसतं.

याच शहरातल्या मान कौर वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी धावायला लागल्या. २०१७ मध्ये ऑकलंडला, १०१ व्या वर्षी, त्यांनी १०० मीटर एक मिनिट चौदा सेकंदांत पार केले. त्यांच्या वयोगटात दुसरं कुणी नव्हतंच. कानात कुणी वेग सांगत नव्हतं. टाळ्या मात्र सगळं मैदान वाजवत होतं. मोजायचं काम दुसऱ्यांवर सोपवून आपण नुसतं धावावं, ही चैन मला हेवा वाटण्याजोगी वाटते.

म्हणून घड्याळ, बोंडं सगळं कपाटात ठेवून दिलं. काही दिवसांनी भाच्याचा पुण्याहून फोन.

“मामा, बरं आहे ना? तुमची पावलं शून्य दिसताहेत.”

“तुला कुठं दिसताहेत?”

“माझ्या फोनवर. जोडून ठेवलंय ना मी! रोज सकाळी बघतो.”

“धावतोय रे. फक्त कुणाला सांगत नाही.”

“मला तरी सांगत जा.”

आता घड्याळ मनगटावर असतं, बोंडं डबीत. बाईचा आवाज बंद केला आहे. दुसऱ्याच सकाळी, मी घामानं निथळत दारात उभा असताना, भाच्याचा निरोप आला: ‘मामा, शेवटचा किलोमीटर फारच हळू.’