चालण्याचे सर

तालुक्याच्या गावाला एसटीचं आगार, तहसील कचेरी आणि एक निवृत्त इंग्रजीचे सर लागतातच. देवरूखात तिन्ही आहेत, आणि त्यांतले वेळेवर हजर असतात ते फक्त सर.

सरांचा जीव 'वॉक' या शब्दावर. इंग्रजीत माणूस नुसता चालत नाही, हे त्यांचं ठाम मत. सकाळी स्टँडसमोर चहा घेता घेता ते येणाऱ्याजाणाऱ्याला क्रियापदं वाटत असतात. रत्नागिरीची गाडी चुकलेला माणूस ट्रज करतो. पाय जड, जिवावर आल्यासारखा. पुढच्या गाडीला तास आहे हे कळलं की तोच सॉंटर करू लागतो, खिशात हात घालून, रमतगमत. नवा निवडून आलेला सदस्य स्वॅगर करतो.

"आणि पडला की?"

"शफल. चपला फरफटत."

घरी टेबलावर रॉजेटचा कोश. पहिली आवृत्ती 1852 ची, कर्ता पेशाने डॉक्टर. शब्द अकारविल्हे नाहीत, अर्थाच्या भाऊबंदकीने लावलेले. "भाऊबंद म्हणजे एकसारखे नव्हेत," सर बजावतात. (स्वतःच्या भावाशी वाटणीचा दावा चालू असल्याने हे ते अधिकारवाणीने सांगतात.) "वॅडल करणाऱ्या बाईला स्ट्राइड करते म्हणा, खूश होईल. उलट म्हणून बघा!" वर्गातही पाच शब्द एका ओळीत लिहून 'समानार्थी, पाठ करा' म्हणणाऱ्यांतले ते कधीच नव्हते, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं. सर जातात, पण वऱ्हाडी म्हणून नाही. देवळापर्यंत पाचशेवर पायऱ्या, निम्म्यावर कठड्याला टेकून त्यांचा निकाल सुरू होतो. "क्लाइंब... हाही क्लाइंब... टेकले हात! क्लॅम्बर!"

"अहो, आणि तुम्ही मघापासून इथेच आहात, त्याला काय म्हणतात?" काकू वरच्या पायरीवरून विचारतात.

सरांना शब्द माहीत होता. दम नव्हता.

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी साधंच विचारलं, "चालताना दुखतं का?"

सर सरसावून बसले. "चालताना म्हणजे? स्ट्रोल करताना नाही. प्लॉड करताना थोडं. लिंप करताना—"

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं.

"सगळ्यात दुखतं," काकू म्हणाल्या. "गोळ्या जेवणाआधी की नंतर, तेवढं सांगा."