बाळाची न्हाण-खुर्ची कशी निवडावी: घाटाखालच्या नवबापांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

बायको बाळंतपणाला माहेरी आहे. कपाशीची लावण आटोपली आहे. पाळणा मामा आणणार, दुपटी आत्या शिवणार, चांदीची वाटी खामगावच्या सराफ्यातून येणार. सगळी खाती वाटली गेल्यावर बापाकडे उरतो फक्त मोबाइल. अशा रिकाम्या रात्री नांदुरा, शेगाव, मलकापूरकडचा नवबाप बाळासाठी 'बाथ सीट' शोधू लागतो. चित्रातलं बाळ गोरंगोमटं असतं, टब पांढरा शुभ्र असतो, आणि खोक्यात यातलं दोन्ही नसतं. 'खरेदी करा' हे बटण दाबण्याआधी पुढच्या सहा पायऱ्या वाचाव्यात.

पायरी 1: आधी बाळ पाहा, मग खुर्ची

उभ्या पाठीची न्हाण-खुर्ची आधाराशिवाय बसता येणाऱ्या बाळासाठी असते. म्हणजे साधारण पाच ते दहा महिने. बाळ धरून उभं राहू लागलं की ती वापरायची नाही, कारण ते खुर्चीसकट कलंडू शकतं. थोडक्यात, आज ऑर्डर केलेली खुर्ची बारशानंतर बरेच महिने माळ्यावर राहील आणि वाढदिवसापर्यंत पुन्हा माळ्यावर जाईल.

अमेरिकेत या खुर्च्यांमधून बाळं बुडाली, तेव्हा 2010 मध्ये सरकारला त्यांच्यासाठी सक्तीचं मानक आणावं लागलं. तिथल्या खुर्चीवर ठळक इशारा छापलेला असतो: या खुर्चीत बसलेली बाळं बुडालेली आहेत, बाळाला कायम हाताच्या अंतरात ठेवा. स्वतःच्याच मालावर इतकं खरं लिहावं लागणारे दुकानदार जगात फार थोडे. म्हणून पहिला धडा पाठच करा: खुर्ची बाळाला बसवते, राखत नाही.

मान न धरणाऱ्या बाळासाठी उभी खुर्ची नकोच. त्याला आडवं, उतरतं काहीतरी लागतं. तेही लगेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे जन्मानंतर किमान 24 तास बाळाला आंघोळ घालू नये, कारण ते लवकर गार पडतं. नाळ पडेपर्यंत ओल्या फडक्याने पुसून घेणं पुरतं, आणि नाळेवर काहीही लावायचं नसतं. शंका असल्यास आशाताईंना विचारा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. खुर्चीचा डिलिव्हरीवाला एकदाच येतो आणि पत्ता विचारायला चारदा फोन करतो.

पायरी 2: मग न्हाणी पाहा

या खुर्चीच्या बुडाला रबरी वाट्या असतात. त्या गुळगुळीत, स्वच्छ टबाला चिकटतात. आता आपल्या न्हाणीत जा. खाली शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा, उतार मोरीकडे, कोपऱ्यात कपडे आपटायचा दगड. इथे रबरी वाटीने चिकटावं तरी कशाला?

त्यातून तुमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात असेल, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडे, तर बोअरच्या पाण्याने फरशीवर पांढरा थर धरलेला असतो. वाटी त्या थरावर बसते, फरशीवर नाही. खुर्ची दाबून बसवल्यावर 'घट्ट बसली' असं वाटतं, आणि बाळाने एक लाथ मारली की ती मोरीच्या दिशेने प्रस्थान ठेवते.

चाचणी सोपी आहे. खुर्ची ओल्या फरशीवर चिकटवा आणि पाच किलो ज्वारीची पिशवी तिच्यात बसवून हलवा. ज्वारी सांडली, तर खुर्ची परत पाठवा.

पायरी 3: बाजारातले पर्याय तोलून पाहा

रबरी वाट्यांची खुर्ची: वर सांगितलं तेवढं पुरे.

जाळीचा उतरता आधार: मान न धरणाऱ्या बाळाला बरा. जाळी ताणलेली हवी, पाय रुंद हवेत, आणि हा आधार जमिनीवरच ठेवायचा. ओट्यावर, टेबलावर किंवा बाजेवर ठेवून वर 'किती सोयीचं आहे' असं म्हणायचं नाही.

पसरट प्लॅस्टिकचा टब: आठवडी बाजारातही मिळतो. बूड खरखरीत पाहून घ्या. पाणी चार-पाच सेंटिमीटरच भरा, आणि तेवढ्याही पाण्यात बाळ बुडू शकतं हे लक्षात ठेवूनच भरा.

चांदीचं घंगाळ: खामगावचे पाहुणे बोलून दाखवतील. ऐकून घ्या.

आजीचे पाय: हा प्रकार ऑनलाइन मिळत नाही, म्हणून त्याला वेगळी पायरी.

राज्य शासनाने 2019 मध्ये 'बेबी केअर किट' सुरू केलं. सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पहिल्या बाळासाठी त्यात मालिशचं तेल, तापमापक, मच्छरदाणी, टॉवेल, नेलकटर, अगदी खुळखुळाही ठेवला. न्हाण-खुर्ची ठेवली नाही. घरोघरी कोणती बैठक आधीच हजर आहे, हे शासनालाही ठाऊक असावं.

पायरी 4: आजीच्या पायांची तपासणी

मांडणी: आजी पाटावर बसते, पाय लांब करून जुळवते, पावलं किंचित उभी ठेवते. बाळ नडग्यांवर उताणं, डोकं पावलांच्या बाजूला, पाय आजीच्या पोटाकडे. दोन पायांच्या मधल्या खोलगटीत बाळ आपोआप बसतं. पाणी साचत नाही, वाहून जातं. बाळ घसरलंच तर चार बोटांवर जमीन असते. एक हात कायम बाळावर, आणि तांब्या दुसऱ्या बाईच्या हातात. सुरक्षेची जेवढी कलमं लिहिता येतील, त्यातली बरीच इथे न लिहिता पाळली जातात.

तुम्ही मागवलेली खुर्ची बघून या बैठकीची प्रतिक्रिया अशी येईल: "काय रे बाबू, लेकराले खुर्चीवर बसवून कीर्तन आयकवतं का? माहे पाय काय मोडले? आन इकडं, मी देतो आंग धुवून."

पण मार्गदर्शिका निष्पक्ष असल्याने या बैठकीतले दोषही नोंदवले पाहिजेत. काही नमुन्यांसोबत न मागितलेल्या सुविधा येतात: कानात तेल, नाकात फुंकर, टाळूवर दाब, नाक ओढून सरळ करणं, न्हाणं झाल्यावर पायाला धरून उलटं लटकवणं आणि शेवटी काजळ. डॉक्टर या सगळ्याला नको म्हणतात. कानानाकात तेल गेल्याने संसर्ग होऊ शकतो, तेल फुप्फुसात उतरू शकतं, आणि काजळात शिसं असू शकतं. गोवरीची धुरीही याच यादीत धरा. धूर बाळाच्या छातीला झेपत नाही.

हे आजीला कसं सांगावं? तुम्ही सांगू नका. बायकोलाही सांगायला लावू नका. आशाताई किंवा डॉक्टर आलेले असताना अजाणतेपणाने विचारा, "कानात तेल घालायचं असतं ना हो?" पुढचं काम त्या करतील, आणि घरात जेवण चालू राहील.

दुसरा दोष गुडघ्यांचा. ज्या आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय किंवा जिला खाली बसून उठता येत नाही, तिला नातवाच्या मायेपोटी पाटावर बसवू नका. तिथे पसरट टब आणि जाळी हाच योग्य पर्याय. आजीने खुर्चीवर बसून हुकूम सोडावेत. तेही खातं तिला उत्तम जमतं.

पायरी 5: पाणी

आपल्याकडे कढत पाण्यात विसण घालायची पद्धत आहे. बाळासाठी क्रम उलटा करा: आधी गार पाणी, मग त्यात कढत. मधेच कोणी हाक मारली, तर बादलीत निदान गार पाणी राहील. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीसुद्धा काही सेकंदांत भाजतं, आणि बाळाची कातडी पातळ असते. न्हाणाचं पाणी 37 अंशांच्या आसपास हवं. कोपर बुडवून पाहा. हाताचा पंजा या कामाला नको, शेतकऱ्याचा तर मुळीच नको. चुलीवरचा हंडा किंवा गिझरचा नळ बाळाच्या हाताशी येईल अशा जागी बैठक मांडू नका.

साबण थोडाच. लोणारचं सरोवर खारं आणि अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. त्यात बाळाला कोणी न्हाऊ घालणार नाही. पण साध्या अंगाच्या वडीचा पीएचही नऊ-दहाच असतो, आणि बाळाची कातडी साडेपाचच्या जवळ. खाऱ्या पाण्यात फेस येत नाही म्हणून वडी जास्त घासली, तर घरच्या घरी लोणारची सहल होते.

पायरी 6: बादली पालथी घाला

तुम्ही रात्रभर खुर्चीच्या वाट्या मोजत होता, आणि धोका न्हाणीत कोपऱ्यात भरून उभा होता. पाणी चार-आठ दिवसांनी येणाऱ्या गावांत प्रत्येक घरात भरलेली बादली, पिंप, टाकी असते. रांगणाऱ्या बाळाचं डोकं जड असतं. ते काठ धरून वाकतं, तोंडावर आत जातं आणि परत वर येता येत नाही. आवाजही होत नाही. म्हणून न्हाणं झालं की बादली पालथी, पिंपाला पक्कं झाकण, न्हाणीला बाहेरून कडी. यात पैसे जात नाहीत, बहुधा म्हणूनच याची कुणी जाहिरात करत नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*मग खुर्ची घेऊच नये का?*
बाळ बसू लागल्यावर, न्हाणी गुळगुळीत असल्यास आणि ज्वारीची पिशवी पास झाल्यास घ्या. दोन्ही हात मोकळे करायला घेत असाल, तर घेऊ नका.

*मोठं भावंड जवळ बसलं तर चालेल?*
पाच वर्षांची ताई टॉवेल धरू शकते. बाळ धरायला मोठं माणूसच लागतं.

*बापाने न्हाऊ घातलं तर?*
घालावं. पहिले काही दिवस तांब्या धरा आणि पाहा, मग पाटावर बसा. आजी हसेल, शेजारीण हसेल, बाळाला काही फरक पडणार नाही.

*मधेच फोन वाजला तर?*
वाजू द्या. उचलायलाच हवा असेल, तर बाळाला दुपट्यात गुंडाळून सोबत घेऊन जा. न्हाण-खुर्चीच्या कंपनीचाच असेल, तर बाळाच्या हाती द्या.